मामेसासऱ्यांचं विमान

माझ्या मामेसासऱ्यांनी हयातीत कुठलाही निरोप एकाच वाटेने पाठवला नाही. हवाई दलात वायरलेसवर नोकरी करून ते बोरगाव मेघेला परतले आणि घरात दुहेरी दळणवळण सुरू झालं. गच्चीवर चहा मागवायचा तर हाकही मारायची आणि ताटलीही वाजवायची. धोंड्याच्या महिन्यात मला जेवायला बोलावलं, तेही पोस्टकार्डाने आणि वर दूधवाल्याकरवी. मी आपला दोन आमंत्रणं समजून दोनदा जेवून आलो. मामींनी कपाळावर हात मारला. मामा मात्र खूश! "म्हंजे दोन्ही निरोप पोचले!"

या वेडाला कारण होतं. नोकरीत एकदा आकाशातल्या वैमानिकाचा आवाज त्यांच्या कानातच खरखरीत विरला. विमान सुखरूप उतरलं, पण तोवर मामा जमिनीवर असून अधांतरी. पुढे कुठेतरी त्यांनी लेझरबद्दल वाचलं. "सुईसारखा उजेड, जावईबापू! चोरून आयकता येत नाई. ढग आडवा आला का रेडिओनं बोलाचं, रेडिओ खरखरला का उजेडानं. दोघं जोडीनं पाह्यजे." हे विमानातल्या माणसाने एकदा पाहावं, एवढीच त्यांची आस.

शेवटी सुट्टीवर पुलगावला आलेला एक तरुण वैमानिक येऊन पाहायला तयार झाला. लेझर कुठून आणणार? गच्चीवर मामींचा आरसा, जोडीला मामांनी जुळवलेले दोन वायरलेस संच.

"जावईबापू, विमान तुमी."

"मी?"

"काऊन? वजन तर बराबर हाये."

गळ्यात संच अडकवून मी सायकलवर निघालो. शेजारच्या कापसाच्या जिनिंगची मोटर सुरू झाली आणि कानात नुसती खरखर. तेवढ्यात गच्चीवरून आरसा एकदा लकाकला, म्हणजे डावीकडे. वळलो, तर समोर कापसाच्या बैलबंड्यांची रांग. धुळीत आरसा दिसेना. पण मोटर मागे राहिली होती. कानात मामा गरजले, "उजवीकडे! बैल हाये!" बैल वाचला. मीही.

फाटकाशी परतलो, तर तिथे उभा वैमानिक हसला नाही. म्हणाला, "उतरा काका, आता मी जातो." संच त्याच्या गळ्यात घालून मी गच्चीवर गेलो. सायकल रस्त्याच्या टोकाला पोचली आणि गच्चीवरच्या संचात आवाज आला, "मामा, साफ आयकू येऊन राह्यलं. उजेडबी दिसून राह्यला."

मामा बटण दाबायचंच विसरले. आरसा मात्र असा हलवत सुटले की उजेड भिंतीवर, लिंबावर, कुठेही नाचत होता. शेवटी मामींनीच संच हिसकावला. "आयकलं त्याईनं, बाबू. ये आता, चहा निवून राह्यला."

परतताना तो बंड्यांआड दिसेनासा झाला की मामा टाचा उंचावत होते. फाटकाशी सायकल टेकली, तेव्हा कुठे कठडा सोडून ते खाली बसले.