मस्तगडचा कॅमेरा आणि माझा लाइक

मंडळी, जुन्या कॅमेऱ्यांच्या आपल्या या ग्रुपवर आज डोकं तापलेलं असतानाच लिहून राह्यलो.

मस्तगडात एक खाला राहतात. त्यांचे मिस्टर जुने फोटोग्राफर. ते वारल्यावर त्यांच्या रीळवाल्या कॅमेऱ्याचं विचारायला मी गेल्तो. खाला म्हणल्या, "बरसी होने दे बेटा, फिर तू ही ले जा."

मी बिलकुल जल्दी केली न्हाई. उलट लेन्सला बुरशी लागू नये म्हणून सिलिका जेलची पुडी बायकोच्या निळ्या ब्लाउजपीसात बांधून त्यांच्या कपाटात कॅमेऱ्यापाशी ठेवून आलो. कॅमेऱ्याचं हे सगळं फक्त एका दोस्ताला सांगितलं. आपल्याच ग्रुपमधल्या.

वर्ष भरलं, बरसी झाली म्हणून आज दुपारी गेलो, तर खाला खुशीत म्हणल्या, "तेरा दोस्त लेके गया ना परसों! बोला, तूने भेजा. तेरा नाम लिया तो मैं भाव भी नहीं करी."

"हां खाला, मैंने ही भेजा," म्हणलो. त्यांचं मन कशाला मोडायचं?

बाहेर येऊन गाडीवर बसलो आणि त्या दोस्तानं सकाळी ग्रुपवर टाकलेला कॅमेऱ्याचा फोटो परत उघडला. खाली लिहिलेलं, "मातीमोल भावात घावला, नशीब लागतं राव!" सकाळी मला वाटलं, तसाच दुसरा कॅमेरा असंल. आता नीट पाह्यलं. कॅमेऱ्याशेजारी निळी पुरचुंडी पडलेली.

नाव घेत न्हाई. तुम्ही सगळ्यांनी फोटो पाह्यलाय, अभिनंदनही केलंय.

पहिला लाइक माझाच आहे. काढून घेऊ, का राहू देऊ?