घाटावरची हवा

दाराशी आले की आमचे शेजारी काका पिशवीतून प्लॅस्टिकची बाटली काढत, तिच्या खपाटीला गेलेल्या पोटाकडे बघत आणि म्हणत, "बघा बुवा, काही कळत नाही."

बाटलीत माळशेज घाटातली हवा असे. काकूंना दमा होता. डोंबिवलीत केमिकलचा वास सुटला की त्या खिडक्या लावून पलंगावर वाकून बसत. डॉक्टर म्हणाले, हवापालट करा. पण एसटीचा प्रवास त्यांना झेपेना. मग काकांनी हवाच घरी आणायचं ठरवलं. कल्याणहून एसटीने घाटमाथ्यावर जायचं, बाटली वाऱ्यात धरायची, बूच घट्ट लावायचं. घरी येईपर्यंत बाटली चेपलेली. तुम्हीही हसला असतात. आमची सगळी बिल्डिंग हसायची. "काका, आज किती लिटर?"

काकू हसत नसत. बाटली नाकाशी धरून डोळे मिटत आणि म्हणत, "गार आहे हो."

काकांचा संशय बुचावर. त्यांनी मेण लावून पाहिलं, सायकलच्या ट्यूबचं रबर गुंडाळून पाहिलं. बाटली चेपायची ती चेपायचीच. शेवटी मी शाळेतलं आठवून सांगितलं, "काका, हवा गळत नाहीये. वर हवा विरळ, तिचा दाब कमी. खाली आपल्याकडची दाट. ती बाटलीला बाहेरून दाबते."

"म्हणजे हवा आपल्याकडे जास्त?"

"हो."

"मग हिला पुरत का नाही?"

धूर, धूळ, छाती असं मी काहीतरी पुटपुटलो. त्यांना ते पटलं नाही, आणि खरं सांगतो, माझाच गोंधळ उडाला होता.

त्या हिवाळ्यात काकू गेल्या. काका घर बंद करून घाटापलीकडे, जुन्नरला भावाकडे निघाले. निघताना त्यांनी काकूंच्या पलंगाशी एक बाटली उघडी धरली आणि बूच लावलं. तेव्हा कुणी हसलं नाही. मला तर त्यांच्याकडे बघवेना.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. "अहो, ही उलटी टम्म फुगलीय! आतली हवा वाढली का?"

"नाही काका, तेवढीच आहे. वर बाहेरचा दाब कमी, म्हणून फुगली."

"बूच उघडलं तर?"

थोडी निघून जाईल, एवढंच सांगायचं होतं. मला ते सांगवेना. "नका उघडू," मी म्हणालो.

"बरं. पण खाली आणली तर होईल ना पहिल्यासारखी?"

"होईल."

"बघा बुवा," काका म्हणाले.

ते अजून खाली आलेले नाहीत.