योरीसरावांचं बिऱ्हाड

योरीसराव बसल्या जागी गेले, हे मला अजून पटलेलं नाही. दीड महिना होत आला. पंगतीतसुद्धा हातात ताट घेऊन हिंडत जेवणारा, लग्नात मंगलाष्टकं संपेपर्यंत मांडवाला चार चकरा मारून येणारा, फोन वाजला की फाटक ते गच्ची आणि गच्ची ते फाटक करणारा हा माणूस. तो व्हरांड्यातल्या खुर्चीत चहाची वाट पाहत बसला काय, आणि चहा येईपर्यंत संपला काय! मी शाळेत शिकवत होते तेव्हा ताईचा फोन आला. "माले, लवकर ये वं. हे खुर्चीतून उठून नाही राहिले." आणि मी वेड्यासारखं विचारलं, "पण ते बसले कसे?" त्या प्रश्नावर ताई फोनवरच हसली, आणि मग जी रडायला लागली ती मी घरी पोचेपर्यंत रडतच होती.

मंजिरी, म्हणजे ताई, माझी थोरली बहीण. योरीसराव तिचे यजमान. जन्माने डच, पेशाने फुटबॉलपटू, आणि आमच्या आईच्या भाषेत 'विलायती जवाई'. फुटबॉलपटू म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे बंगले आणि लाल मोटारी येतात. भाऊजी त्यातले नव्हते. ते फॉरवर्ड होते. गोल करायला ज्याला ठेवतात तो गडी, आणि गोल आटले की ज्याला सगळ्यांत आधी काढतात तोही तोच. समुद्राकाठच्या एका गावात त्यांचे वडील काचेच्या घरात टोमॅटो पिकवायचे. तिथून पंधराव्या वर्षी एका क्लबने त्यांना उचलून आपल्या वसतिगृहात नेलं, आणि तेव्हापासून विंचवाचं बिऱ्हाड जे पाठीवर आलं ते आलंच. कुठे दोन वर्षं, कुठे एक, कुठे अर्धा हंगाम. मधूनच एखादा क्लब त्यांना दुसऱ्याकडे उसना द्यायचा. आपल्याकडे वाटीभर साखर उसनी देतात, तिकडे माणसं देतात, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. बेल्जियम झालं, फिनलंड झालं, सायप्रस झालं, पुन्हा हॉलंड. मी भूगोलाची बाई. एकदा जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून त्यांना सगळे क्लब दाखवायला लावले, तर त्यांचा स्वतःचाच हिशेब जुळेना. एका गावावर बोट ठेवलं आणि लगेच उचललं. म्हणाले, "तो नको धरू. तिथं मी खेळलो नाही, नुसता बाकावर बसलो."

एकदाच त्यांचं नाव झालं. एका बड्या क्लबविरुद्ध शेवटच्या मिनिटांत त्यांनी डोक्याने गोल मारला आणि त्यांच्या छोट्या क्लबने सामना जिंकला. गावात रात्रभर धिंगाणा झाला म्हणे. बेकरीवाल्याने महिनाभर पाव फुकट दिला. पण तो महिना संपायच्या आत क्लबने एक विशीतला नवा फॉरवर्ड आणला आणि भाऊजींची रवानगी फिनलंडच्या बर्फात. हे सांगताना त्यांच्या आवाजात कडवटपणा नसायचा, त्याचाच मला राग यायचा. मी भांडायचे, "अहो, पण तुम्ही जिंकवलं होतं ना त्यांना?" ते खांदे उडवायचे. "हो ना. काल जिंकवलं होतं."

ताई फिजिओथेरपी शिकायला तिकडे गेली आणि एका दवाखान्यात त्यांचा गुडघा तिच्या वाट्याला आला. गुडघा काही धड झाला नाही, लग्न मात्र झालं. शेवटच्या क्लबनेही हात वर केले तेव्हा ते छत्तीस-सदतीसचे. तेवढ्यात आमचे बाबा गेले, आई एकटी पडली, आणि ताईने नागपूरला परत यायचं ठरवलं. आमच्या नातेवाइकांत पैजाच लागल्या होत्या. पहिल्या उन्हाळ्यात पळेल, असं बहुमत होतं. काका म्हणाले, "तो भट्टीत टिकते का वं? टमाटरासारखा लाल होईन." लाल झाले खरे. मे महिन्यात ते कूलर ओढत या खिडकीतून त्या खिडकीत न्यायचे, ओल्या टॉवेलखाली डोकं घालून अंगणात हिंडायचे, पण हिंडायचे.

त्यांचं मराठी आमच्या घरात नाही झालं. ते झालं मैदानावर. पहाटे चाळिशीपुढचे काही गडी खेळायला जमायचे. त्यांत काटोलच्या संत्र्यांचे एक व्यापारी होते, बबनराव, पोटाचा घेर सांभाळत गोलकीपर झालेले. त्यांनी भाऊजींना शिव्यांपासून सुरुवात करून पूर्ण वऱ्हाडी शिकवली. परिणामी आम्ही घरातले जपून, मास्तरकी मराठी बोलणार आणि हा निळ्या डोळ्यांचा माणूस, "काहून वं माला, आज शाळेले सुटी हाय का?" पुण्याला माझ्या नणंदेच्या लग्नात त्यांनी वाढप्याला हाक मारली, "भाऊ, मले अजून दोन जिलब्या टाक ना गा!" तेव्हा तिकडची मंडळी घास हातात धरून आधी त्यांच्याकडे आणि मग आमच्याकडे बघत राहिली. नागपूरचा असा बदला मी आयुष्यात पाहिला नाही.

बबनरावांनी त्यांना एकदा विचारलं होतं, "अबे, चेंडू तिकडं अन् तू इकडं कायले पळून राहिला?" भाऊजी म्हणाले, "उभा राहिलो का सापडतो मी." फॉरवर्डने एका जागी थांबायचं नसतं, थांबला की समोरचा बचाववाला त्याला धरतो. क्लब सुटले तरी ते अंगातून गेलं नव्हतं. आणि ताईची धास्ती तीच होती. एरवी माझी बहीण खमकी, पण दर जून आणि जानेवारीत तिचा चेहरा उतरायचा. तिकडे त्या दोन महिन्यांत क्लब खेळाडूंची देवघेव करतात. भाऊजी क्लबसाठी खेळायचे थांबून वर्षं झाली, तरी जून आला की ते कपाट आवरायला काढायचे, जुने बूट देऊन टाकायचे, फोन उशाशी घ्यायचे. कुणाचाच फोन यायचा नव्हता. तरीही ताई मला म्हणायची, "एक दिवस हा माणूस उठेल आणि जाईल. भांडून नाही गं, सवयीनं जाईल."

आणि एकदा तो खरोखर निघाला होता. नागपूरला येऊन वर्ष झालं नव्हतं, आणि अधिक महिना आला. आपल्याकडे धोंड्याच्या महिन्यात जावयाचा मान करतात, हे आम्ही त्यांना सांगितलं होतं की नाही, कुणालाच आठवत नाही. प्रत्येकाला वाटलं दुसऱ्याने सांगितलं असेल. त्या दिवशी आईने पाट मांडला, रांगोळी घातली, ओवाळलं, अनारशांचं ताट दिलं, खांद्यावर शाल घातली, हातात नारळ ठेवला. काकांना वाटलं, फॉरेनच्या माणसाला गुच्छ आवडतो, म्हणून त्यांनी सीताबर्डीवरून गुलाबांचा भला थोरला गुच्छ आणला आणि फोटोसाठी शेजारी उभे राहिले. भाऊजींचा चेहरा उतरत गेला. त्यांनी सगळ्यांशी हात मिळवले. मग सरळ उभं राहून इंग्रजीत छोटंसं भाषण केलं, की या घरात माझे दिवस फार चांगले गेले, मी सगळ्यांचा आभारी आहे. आम्ही टाळ्या वाजवल्या. काका तर म्हणाले, "पाह्यलं? याले म्हणते संस्कार!"

दुसऱ्या दिवशी ताई सकाळीच दवाखान्यात गेली. मी आईकडे मुक्कामाला होते. दूध घ्यायला बाहेर आले तर भाऊजी व्हरांड्यात, बॅग भरलेली, चेन लावलेली, पायात बूट. शाल घडी करून नारळासकट खुर्चीवर ठेवलेली. आई मागून आली.

"कुठं निघून राहिले योरीसराव?"

"तुम्ही सांगाल तिथं," ते म्हणाले. तेव्हा त्यांचं मराठी अर्धं कच्चं होतं, पुढचं त्यांनी इंग्रजीत सांगितलं आणि मी आईला मराठी करून दिलं. त्यांच्याकडे खेळाडूला काढायचं ठरलं की शेवटच्या सामन्याआधी त्याला मैदानाच्या मधोमध बोलवतात. क्लबचा साहेब गुच्छ देतो, शेजारी उभा राहून फोटो काढतो, लोक टाळ्या वाजवतात. आणि दुसऱ्या दिवशी घराची किल्ली परत करायची. असे गुच्छ त्यांनी कितीतरी घेतले होते. त्या आठवड्यात त्यांचं आणि ताईचं नोकरीवरून वाजलं होतं, तेव्हा त्यांना वाटलं, झालं, ठरलं यांचं. फक्त एवढ्या प्रेमाने कुणी काढलं नव्हतं, असंही म्हणाले...

आई आधी हसली. मग तिने पदर डोळ्यांना लावला, आणि मग ती चिडली. आमची आई चिडली की शुद्ध नागपुरी होते. "अवो, मान होता तो तुमचा! काढायचं असतं त अनारसे कायले तळले असते म्या, दोन दिवस पाठ मोडून? हा महिना दर तीन वर्षांनी येते. तीन वर्षांनी पुन्हा याच पाटावर येऊन बसा लागते तुमाले. समजलं का?" मी सांगितलं. "तीन वर्षं?" त्यांनी मला विचारलं. "पक्कं? मला आजवर करारात दोनच्या वर कुणी दिली नाहीत." मी म्हटलं, पक्कं. त्यांनी बूट काढले, बॅग आत नेली आणि आईने पुढे केलेला अनारसा उभ्यानेच खाल्ला.

ही गोष्ट आमच्याकडे इतक्या वेळा सांगून झाली की मुलांना पाठ आहे. पुढचे अधिक महिने ते स्वतःच कॅलेंडरमध्ये शोधून ठेवायचे आणि बबनरावांना सांगायचे, "माझं तीन वर्षांनं वाढलं." ताई मात्र या हसण्यात पूर्ण सामील झाली नाही. तिच्या मनात एक काटा होता, तो तिने मला ते गेल्यावरच दाखवला. "माले, हे इथे राहिले की आपण त्यांना ठेवलं गं? आईनं तीन वर्षं म्हटलं, त्यांनी मान्य केलं. दुसरं कुणी बोलावलंच नाही म्हणून राहिले असतील तर?" मी नुसती तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

तिला हे छळायला कारणही तसंच होतं. घाटावरून अस्थी आणल्या त्याच दिवशी भाऊजींच्या धाकट्या भावाचा, बार्टचा, फोन आला. गावच्या दफनभूमीत वडिलांशेजारी जागा आहे, योरीसला घरी पाठवा. रीतीने, हळुवारपणे बोलला बिचारा. पण 'घरी' हा शब्द ताईला लागला. अस्थींचा कलश घरात आणायचा नसतो म्हणून अंगणातल्या कडुनिंबाला बांधला होता. ताई दिवसभर खिडकीतून त्याच्याकडे बघायची. इथे रामटेकला अंबाळ्याच्या तलावात सोडायच्या की विमानाने तिकडे न्यायच्या? काका म्हणाले, अर्ध्या इथे, अर्ध्या तिथे. त्यावर ताई त्यांच्या अंगावर धावून गेली. "जिवंतपणी झालं तेवढं पुरे नाही का? आता त्यांचे तुकडेही उसने द्यायचे?"

शेवटी तिने भाऊजींच्या आईला व्हिडिओ कॉल लावला. ऐंशीच्या पुढची ती बाई, स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसलेली, केस नीट विंचरलेले. ताई तिच्याशी डचमध्ये बोलत होती आणि मधूनमधून मला सांगत होती. ताईने सगळं सरळ विचारलं. तो कुठला होता, ते तुम्ही सांगा, मी तसं करीन. म्हातारी म्हणाली, त्याची खोली दाखव. ताईने फोन फिरवला.

आता ती खोली म्हणजे आईचं कायमचं दुखणं. जुनं, चुन्याचं प्लास्टर, आणि जावईबुवांनी त्याची चाळण केलेली. पलंगाच्या वरच्या भिंतीत तीन खिळे, दारामागे पाच. एकाला बबनरावांच्या दुकानाचं कॅलेंडर, एकाला रेनकोट, एकाला सायकलची ट्यूब, एकाला आईने दिलेली तुळशीची माळ. टोपीला एक, शिट्टीला एक, त्यांच्या आईवडिलांचा फोटो एकाला. मच्छरदाणीसाठी चार कोपऱ्यांत चार असताना पाचवा कशासाठी, हे कुणालाच माहीत नाही. काही खिळे तर नुसतेच, पुढे लागतील म्हणून ठोकलेले. प्लास्टर पडलं की आई ओरडायची, आणि ते दुसऱ्या भिंतीकडे वळायचे.

म्हातारी फोनच्या अगदी जवळ आली. तिने काहीतरी विचारलं. ताईने उत्तर दिलं. तिने पुन्हा विचारलं, ताई पुन्हा बोलली, आणि मग ताईला पुढे बोलवेना. मी तिला हलवलं. "काय म्हणतात त्या?"

"त्या म्हणतात..." ताईने नाक पुसलं. "म्हणतात, त्याच्या प्रत्येक घरी मी राहून आले. सगळी भाड्याची. एकाही भिंतीत त्याने खिळा ठोकला नाही. मी आणलेला घरचा फोटो तो जमिनीवर भिंतीला टेकवून ठेवायचा. विचारलं तर म्हणायचा, जाताना भोकं बुजवावी लागतात, आई."

फोनमध्ये ती बाई हसत होती आणि रडत होती. बोटाने भिंतीकडे दाखवून तिने आणखी एक वाक्य म्हटलं, ते मला डच येत नसूनही कळलं.

अस्थी दुसऱ्याच दिवशी अंबाळ्यात सोडल्या. बबनराव काठावर उभे राहून मोठ्याने म्हणाले, "राह्य गा आता इथंच," आणि मान फिरवली.

गेल्या आठवड्यात घराला रंग द्यायला काढलं. रंगारी त्या खोलीत शिरला आणि त्याने पहिल्यांदा पक्कड काढली. ताई आतून धावत आली. "हात नको लावू. एकही काढायचा नाही. भोवतीनं मार." तो म्हणाला, "बाई, वेळ लागन." ताईने खुर्ची ओढली आणि दारात बसून राहिली.