रत्नाला मी सांगितलेलं फ्रेंच

हे मी नवऱ्यालासुद्धा कधी सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही रत्नाला ओळखत नाही – म्हणूनच असेल.

रत्ना माझी धाकटी जाऊ. शिरोळकडची, मळ्यात वाढलेली. आवाज असा की चार रानं पलीकडच्या माणसानं ओ द्यावी. आमचे नवरे सख्खे भाऊ, एकाच फ्रेंच कारखान्यात नोकरीला. आम्ही आधी गेलो – फ्रान्समधल्या एका लहानशा गावात. काही वर्षांनी ते दोघं आले, आमच्याच इमारतीत, खालच्या मजल्यावर.

जायच्या आधी मी पुण्याला राहून फ्रेंच शिकले होते. व्याकरण चोख. दुकानात शिरताना आधी ‘बोंजूर’ म्हणायचं, नाहीतर बाई तुमच्याकडं बघतसुद्धा नाही – हे सगळं मला पाठ होतं. आणि तरी त्या गावात मला नावानं हाक मारणारं एक माणूस नव्हतं. जिन्यात बोंजूर, की दार बंद. मी मनाशी ठरवून टाकलं होतं, ही माणसंच अशी.

मग रत्ना आली. तिला एकच शब्द आला, आणि तिनं तो रस्त्याच्या पलीकडून पाववाल्याला फेकला – “बोंजूर पावणं!” महिनाभरात तो पाववाला तिला उलटा ‘पावणं’ म्हणून हाक मारायला लागला. बाजारात भाजीवाली तिच्या पिशवीत कोथिंबिरीची जुडी फुकट टाकायची. लोक तिच्याशी हातवारे करत तासभर बोलत – आणि मी शेजारी उभी, शुद्ध क्रियापदं तोंडात धरून.

तुम्हाला कधी असं झालंय? आपल्या माणसाचं कौतुक होतंय, आणि ते आपल्यालाच बघवत नाही?

आमच्या वरच्या मजल्यावर मदाम ओदेत राहायची. एकटी, सत्तरी ओलांडलेली. एकदा तिनं जिन्यात आम्हा दोघींना थांबवलं. रत्नाचा हात हातात घेतला आणि माझ्याकडं बघून बोलली. म्हणाली, हिचा आवाज जिन्यात आला की मला घरात माणसं असल्यासारखं वाटतं. हिला सांग, दर गुरुवारी माझ्याकडं ये. मी फ्रेंच शिकवीन. आमच्या बायकांच्या शिवणाच्या वर्गालाही घेऊन जाईन.

रत्नाचे डोळे नुसते चमकत होते. “काय म्हणत्यात ओ अक्का?”

मी – थांबले नाही. लोक म्हणतात, तोंडातून निसटलं. माझ्या तोंडातून काही निसटलं नाही. मी शब्द निवडले.

“म्हणतात, तुझ्या आवाजाचा त्रास होतो. सगळी इमारत कुरकुर करते. जरा हळू बोल, आणि सारखी वर येऊ नकोस.”

“पर हसत्यात की त्या.”

“इथली माणसं हसूनच सांगतात, रत्ना.”

तिनं हात सोडवून घेतला. मदाम बघतच राहिली. मी तिला म्हटलं, लाजते ती.

एवढ्यावर थांबले असते तर? पण दोन दिवसांनी रत्ना खोबऱ्याच्या वड्या घेऊन माझ्या दारात. कुजबुजत. “अक्का, तेवढं त्यांना सांगा – आमच्यात असंच बोलत्यात, राग धरू नगा म्हणावं.” मी डबा घेऊन वर गेले. वड्या मीच केल्यात म्हणून सांगितलं. आणि सांगितलं की रत्नाला यायचं नाही, तिला परक्यांत मिसळायला आवडत नाही. मदामनं वडी खाल्ली. म्हणाली, मग तू येशील का?

गेले की! गुरुवारचे गुरुवार गेले. खाली रत्ना पडदे ओढून बसलेली असायची. पाव आणायला नवरा जायचा. जिन्यात मदाम दिसली की ही मान खाली घालून भिंतीला चिकटायची, आणि मदाम दुखावून माझ्याकडं बघायची. मी खांदे उडवायचे. ते मात्र मी त्या गावात छान शिकले होते.

वर्ष संपायच्या आत रत्ना इकडं परत आली. दिरांनीही नोकरी सोडली. आता शाहूपुरीत दुकान आहे त्यांचं. पुढं आम्हीही आलो. वरच्या मजल्यावर आम्ही, खाली ते. घरी पाहुणे आले की रत्ना सांगते, “अक्का हुत्या म्हणून निभावलं. न्हायतर माझं हसंच झालं असतं तितं.” मी चहा पीत ऐकते. ‘अगं, असू दे’ म्हणते.

गेल्या महिन्यात भाजी निवडताना तिनं मधेच विचारलं, “ती वरची म्हातारी आसंल व्हय अजून?”

“गेली ती,” मी म्हटलं. “बरेच दिवस झाले.”

रत्नानं मेथी खाली ठेवली. हात धुऊन आत गेली, देवापुढं दिवा लावला. बाहेर येऊन म्हणाली, “माफी मागायची ऱ्हायली बघा माझी.”

मदाम ओदेत जिवंत आहे. नवीन वर्षाला तिचा फोन येतो. यंदाही आला होता. दरवेळी आधी रत्नाचंच विचारते – नाव अजून नीट घेता येत नाही तिला. मी सांगते, मजेत आहे. तुमची आठवण कधी काढत नाही.