तोमानियानं कापलेले पहिले केस

तोमानियाला गावात वेडी म्हणतात. म्हणोत बापडे. या पेश्तेरच्या पठारावर शहाण्यांनी काय दिवे लावलेत ते मी दुकानात बसून रोज बघते.

तिचा धंदा मेंढ्या कातरण्याचा. नवरा जर्मनीला कामाला गेला तो तिकडचाच झाला. पोरबाळ नव्हतं. हिनं रडत बसण्याऐवजी त्याची कात्री उचलली आणि गावोगावचे कळप कातरू लागली. मेंढीला गुडघ्यांत धरायची, कानाशी काहीतरी पुटपुटायची, की मेंढी गप्प. माणसांशी मात्र जीभ तिखट. आमच्या पाद्रीबाबाला तिनं भर जत्रेत ऐकवलं होतं, की तुमच्या दाढीपेक्षा माझ्या मेंढ्या स्वच्छ असतात.

मग टेकडीवर ते केंद्र आलं. तारेचं कुंपण, पांढऱ्या इमारती आणि बेलग्रेडचा डॉक्टर ओग्नेन. मेंढ्यांच्या अंगात माणसांसाठी औषध तयार करणार, असं सांगितलं. आधी गावात तपासणीचं शिबिर भरवलं, सगळ्यांचं रक्त घेतलं आणि घरटी एक गोणी पीठ वाटलं. गाव खूश. पुढे अर्ध्या गावाला तिथं नोकऱ्या लागल्या. फुकटचं मिळालं की आमचे लोक दाताखाली काय येतंय तेही बघत नाहीत.

वसंतात त्यांनी तोमानियाला कातरायला बोलावलं. संध्याकाळी ती दुकानात आली ती पांढरीफटक. आमच्या फळांच्या दारूचा, राकियाचा, एक पेला मागितला, दुसरा मागितला, मग बोलली. त्या मेंढ्यांच्या लोकरीखाली मेंढीची कातडी नव्हतीच, माणसाची होती. गार हात लागला की काटा यायचा. एकीच्या खांद्यावर तर लाल डाग होता, थेट आमच्या शाळेतल्या स्वयंपाकिणीच्या, मिलुंकाच्या, खांद्यावर आहे तसा. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की शिबिरात घेतलेलं आमचं रक्त त्यांनी या मेंढ्यांच्या अंगात उतरवलं होतं. मी म्हटलं, पुन्हा पाऊल टाकू नकोस तिथं. ती म्हणाली, मी नाही गेले तर दुसरा कुणी जाईल, आणि तो त्यांना हळू धरणार नाही.

पुढच्या वर्षी एका मेंढीला मुलगी झाली. दुसरा शब्द असेल तर तुम्ही सुचवा. तोंड माणसाचं, हातांना बोटं, पाय मेंढीचे, आणि डोक्यापासून कमरेपर्यंत दाट लोकर. उन्हाळ्यात ती त्या लोकरीत घुसमटू लागली, तेव्हा डॉक्टरनं तोमानियाला ती कापायला सांगितलं.

इथंच सगळा घोळ झाला. आमच्याकडे मुलाचे पहिले केस घरचं माणूस कापत नाही. बाहेरच्याला मानानं बोलावतात, आणि ज्यानं कापले तो त्या घराचा कूम. बाई असली तर कुमा. हे नातं दोन्हीकडून लागतं, मुलाचा बापही कापणाऱ्याचा कूम, आणि ते रक्ताच्याही वरचं. वर देव, खाली कूम. कूमाला नाही म्हणायचं नाही, कूमाच्या वाईटावर उठायचं नाही, आणि कूमाविरुद्ध साक्ष दिली तर सात पिढ्या भोगतात.

केस कापून झाले तेव्हा त्या मुलीनं तोमानियाचं बोट धरलं ते सोडेचना. मग ही डॉक्टरला म्हणाली, "पहिले केस मी कापलेत. हिला जन्माला तू घातलंस. आता तू माझा कूम. हिच्या केसालाही धक्का लावणार नाहीस, शब्द दे."

डॉक्टरची आजी याच पठारावरची, त्याला हे सगळं ठाऊक. त्यानं राकिया ओतली, रिवाजाप्रमाणे तिच्या गालांचे तीन मुके घेतले आणि म्हणाला, "दिला शब्द, कुमा." मनातून हसत असेल मेला.

हिनं मुलीचं नाव रूना ठेवलं. दर रविवारी साय आणि पाव घेऊन टेकडी चढायची. रूना मोठी होऊ लागली तशी दुडदुडत यायची, कुमा, कुमा म्हणत मांडीत डोकं खुपसायची. त्या दिवसांत तोमानिया जितकी सुखात होती तितकी मी तिला कधीच पाहिली नाही, नवऱ्याच्या वेळीसुद्धा नाही.

मग कुणीतरी कागाळी केली आणि जिल्ह्याहून अधिकारी यायचा झाला. मी तिला म्हटलं, "तोमा, आता तोंड उघड. पोरगी सुटेल, सगळ्याच सुटतील."

"त्यानं शब्द पाळलाय," ती म्हणाली. "मी कूमाचा गळा कापू?"

टेकडीवर चक्कर मारून अधिकारी माझ्याच दुकानात येऊन बसला; वाढल्या लोकरीत त्याला नुसत्या मेंढ्याच दिसल्या होत्या. तरुण होता, बोलायला मऊ. नोकरीवाले एका सुरात म्हणाले, मेंढ्या आहेत साहेब, नुसत्या मेंढ्या. त्यांच्यावर त्याचा विश्वास नव्हता. ज्यांची भाकरी तिथून येते ते काय बोलणार? त्यानं तोमानियाला विचारलं, कारण ही कुणाची मिंधी नाही हे त्याला कळलं होतं. तिनं पावावर हात ठेवला आणि शपथ घेतली, की त्या कुंपणाआड मेंढ्यांशिवाय काही नाही. मी तिच्या तोंडाकडे बघू शकले नाही.

त्यानंतर डॉक्टरनं साथीचं निमित्त सांगून सहा महिने तिला वर येऊ दिलं नाही. मग तोमानिया रूनासाठी शिवलेला झगा घेऊन गेली. तो फाटकातच उभा होता.

"रूना नाही आता," तो म्हणाला. "अधिकारी यायच्या आदल्या दिवशीच सुई द्यावी लागली. त्याला दिसली असती तर सगळंच बंद पडलं असतं."

"तू शब्द दिला होतास."

"माणसाबद्दल दिला असता तर पाळला असता, कुमा. ती मेंढी होती. शपथेवर तूच सांगितलंस ना?"

वर तिचं सांत्वन करायला म्हणून आत घेऊन गेला. गोठ्यात सहा कोकरं होती. सहाही जणींना रूनाचं तोंड. रूनाच्याच मांसातून वाढवल्या होत्या. तो म्हणाला, रडतेस कशाला, यातली हवी ती धर, सगळ्या तीच आहेत. त्या सहाही जणी तिच्याकडे बघत होत्या आणि एकीलाही ती कोण हे माहीत नव्हतं.

तोमानिया घरी आलीच नाही. झगा काखेत तसाच, खाली उतरून तिनं जिल्ह्याची बस पकडली. कूम गेला खड्ड्यात, असं बसमध्ये मोठ्यानं म्हणाली म्हणे, आणि बायकांनी कानांवर हात ठेवले. त्या अधिकाऱ्यासमोर तिनं सगळं ओकलं. त्यानं मध्ये तोडलं नाही. शेवटी विचारलं, "आजी, तेव्हा खोटं बोललात की आता?"

"तेव्हा."

त्यानं समोरची फाईल मिटली. मग म्हणाला, "मला त्या लोकांचा संशय होता. पण तुम्ही शपथ घेतलीत, आणि तुमच्या शब्दावर मी त्यांना निर्दोष ठरवलं. गेल्याच आठवड्यात त्यांना दहा वर्षांची परवानगी मिळाली. आता ती माझ्या हातात नाही."

संध्याकाळच्या बसनं ती परतली आणि माझ्या पायरीवर बसली. मी राकिया ओतली, तिनं हात लावला नाही. झग्याच्या बाह्या सरळ करत राहिली.

"स्तामेंका," ती म्हणाली, "दहा वर्षांत अशा किती रूना होतील गं?"