परत या एका शब्दापायी

कायद्याच्या कॉलेजात तिला सगळे ‘तळटीप मॅडम’ म्हणत. अर्थात पाठीमागे. तोंडावर नुसतं मॅडम. साधा विनोद सांगितला तरी तो मुळात कुठल्या निकालपत्रात आहे हे सांगितल्याशिवाय तिला चैन पडत नसे. घरी आमटी खारट झाली असं ती म्हणाली, की नवरा चमचा खाली ठेवून विचारायचा, "याला आधार काय?"

तिचा अभ्यासाचा विषय एकच, पण तिनं तो वर्षानुवर्षं उगाळला होता. आई एका देशाची, बाप दुसऱ्या देशात नोकरीला, संसार मोडतो, आणि दोघांतलं एक जण पोराला घेऊन आपल्या देशात निघून येतं. मग पोराचा निर्णय कुठल्या कोर्टानं करायचा? देशादेशांतले करार काय म्हणतात, आपला कायदा काय म्हणतो, दोघांचं कुठे जमतं आणि कुठे फाटतं, यावर ती लिहायची. मागच्या वर्षी तिचा मोठा लेख छापून आला. त्यातलं एक वाक्य फार गाजलं: ‘मूल विनाविलंब परत पाठवावे; आईबापांचा वाद तिथल्या न्यायालयाने सोडवावा.’ कारणही तिनं सडेतोड दिलं होतं. तसं केलं नाही, तर ज्याचे पाय जोरात धावतात त्याचंच मूल होईल.

आणि मग तिची धाकटी बहीण लेकीला घेऊन दारात उभी राहिली.

"सुट्टीला आलोय," धाकटी म्हणाली. लेक आईच्या मागे लपलेली. अंगानं एवढीशी म्हणून तिला सगळे टिकली म्हणत. सुट्टी संपली. टिकलीचे बूट मावशीच्या दाराशी रोजचे झाले, दात घासायचा ब्रश बेसिनवरच्या पेल्यात जाऊन बसला, पण परतीचा विषय निघेना. निघाला तो थेट कोर्टाच्या नोटिशीतून. बापानं इथल्या कोर्टात अर्ज केला होता: माझी मुलगी परत पाठवा.

त्याच्या वकिलानं अर्जाला जोडलेल्या कागदांत मॅडमचा लेख होता. ते गाजलेलं वाक्य पिवळ्या शाईनं रंगवलेलं. वकील म्हणजे मॅडमचाच जुना विद्यार्थी, शेवटच्या बाकावर बसून पेंगणारा. नेमका त्याच तासाला बरा जागा राहिला.

सुनावणीच्या आदल्या दुपारी दोघी बहिणी धाकटीच्या वकीलबाईंकडे गेल्या. खोली लहान. फायली खुर्च्यांवरही रचलेल्या, त्यामुळे धाकटीला स्टुलावर टेकावं लागलं. वकीलबाई घाईत होत्या.

"मॅडम, एक छोटं प्रतिज्ञापत्र द्या. माझं मत आता बदललं आहे, एवढंच. बाकी मी बघते."

"पण मत बदललेलं नाही," मॅडम म्हणाली.

 धाकटीनं मान वळवून बहिणीकडे पाहिलं, अनोळखी माणसाकडे बघावं तसं.

"ताई, काय म्हणालीस?"

"अगं, उद्या एखादा बाप पोराला उचलून इथे आला आणि आई तिकडे रडत बसली, तर? तेव्हाही मी हेच म्हणणार ना?"

"तो दुसरा कोणीतरी आहे. ही टिकली आहे!"

वकीलबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मग एवढं तरी करा. उद्या कोर्टात येऊ नका. तुम्ही समोर बसलेल्या दिसलात, की त्यांना आयतंच कोलीत मिळेल."

घरी येताच धाकटीनं टिकलीसाठी दूध तापत ठेवलं. आणि तिचा बांध फुटला. दुधावर नजर ठेवूनच ती बोलत होती, कारण बहिणीकडे बघितलं असतं तर रडू फुटलं असतं.

"इतकं लिहिलंस. तुझ्या त्या लेखात केवढी पोरं आहेत! परत पाठवली, परत पाठवली. पुढे काय झालं गं त्यांचं?"

मॅडमनं तोंड उघडलं. निकालाची साल, न्यायमूर्ती, पानं, सगळं जिभेवर होतं. पुढचं काहीच नव्हतं. निकालपत्र संपतं तिथे पोर संपतं. ते विमानात बसलं का, त्याला घ्यायला कोण आलं, रात्री कोणाजवळ झोपलं, हे कुठल्याच निवाड्यात छापलेलं नसतं, आणि तिला ते शोधावंसंही कधी वाटलं नव्हतं. अभ्यास करणाऱ्यांची ही चूक कोणी चूक म्हणून दाखवतही नाही. सगळेच ती करतात.

"माहीत नाही," ती म्हणाली.

"बघ!"

तेवढ्यात टिकली दारात येऊन उभी राहिली. तिची भाषा तिकडच्या शाळेत अर्धी राहून गेलेली. शब्द पकडायची, अर्थ निसटायचा.

"मावशी, परत पाठवणार म्हणजे परत एकदा पाठवणार? की परत, म्हणजे मागे? आणि मग कायमचं?"

"कोणी सांगितलं तुला?"

"बाबा फोनवर म्हणाले. परत ये. मी विचारलं, आई पण? तर म्हणाले, आईचं बघू."

दूध वर आलं. धाकटीनं गॅस बंद केला, पण हात बटणावरच राहिला.

"आईचं बघू म्हणजे काय?" मॅडमनं हळूच विचारलं. "धाकटे, तुझा तिकडचा राहण्याचा परवाना आहे ना?"

"तो त्याच्या नोकरीवर होता. बायको म्हणून. आम्ही इकडे आलो आणि त्यानं कळवून टाकलं, ही आता माझ्याबरोबर राहत नाही. परवाना रद्द."

"म्हणजे टिकलीला पाठवलं तर तू—"

"मी विमानतळाच्या बाहेर पाऊल टाकू शकत नाही."

 मॅडमच्या लेखात ‘आई मुलासोबत जाऊ शकते’ असं एक वाक्य होतं. तळटीप नसलेलं. त्याला पुरावा लागतो असं तिला कधी वाटलंच नव्हतं.

"हे वकीलबाईंनी कोर्टाला का नाही सांगितलं?"

"त्या म्हणाल्या, हे काढलं तर आपण जायला तयार आहोत, फक्त परवान्याचंच अडलंय, असा अर्थ होतो. आणि मला जायचंच नाहीये, ताई. त्या घरात श्वास घ्यायलाही त्याला विचारावं लागायचं. तूही काही बोलू नकोस. शप्पथ आहे तुला."

मॅडमनं शप्पथ घेतली नाही, नाकारलीही नाही. टिकलीच्या कपात दूध ओतलं आणि साय काढून टाकली, कारण पोरीला साय चालत नसे.

दुसऱ्या दिवशी, नको म्हटलं असतानाही, ती कोर्टात गेली; धाकटीला एकटीला सोडवेना. मागच्या बाकावर, खांबाआड बसली. टिकलीला बाहेरच्या खोलीत एका शिपाईबाईंजवळ ठेवलं होतं. बाप पुढे बसला होता, इस्त्रीच्या शर्टात. त्याचीही झोप झालेली दिसत नव्हती. मॅडमला पाहून तो अदबीनं उठला, जवळ आला. "ताई, तुमचा लेख मी सगळा वाचला. तुमच्या घरात तुम्हीच एकट्या माझ्या बाजूनं विचार केलात." चेष्टेचा लवलेश नव्हता त्याच्या आवाजात. तिला चपराक बसल्यासारखं झालं. समोर धाकटीची पाठ ताठ होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

जुना विद्यार्थी उभा राहिला. पेंगणारा तो हाच का असं वाटावं इतका तयारीनं आलेला. त्यानं ते वाक्य वाचलं, सावकाश, शब्द सुटे करून. "आणि महोदय, हे ज्यांनी लिहिलं, त्या या मुलीच्या सख्ख्या मावशी आहेत. आज इथेच, मागे बसल्या आहेत. आपल्याच घरावर वेळ आली म्हणून कायदा बदलत नसतो, हे मला त्यांनीच शिकवलं."

न्यायाधीशांनी खांबाच्या दिशेनं मान वाकवली. वयस्क गृहस्थ, आवाज बसलेला. "बाई, नातेवाईक म्हणून तुमचं ऐकता येणार नाही. पण वाक्य तुमचं आहे. आजही ते तुमचंच आहे का?"

वकीलबाईंनी डोळ्यांनीच नको नको म्हटलं. धाकटीनं मागे वळून पाहिलं. मॅडम उभी राहिली. खोटं बोलली तर पोरगी बहुधा आईजवळ राहील. खरं बोलली तर कदाचित जाईल. आणि गप्प बसली तर, पिवळ्या शाईतलं ते वाक्य तिच्यासाठी बोलणारच होतं.

"हो," ती म्हणाली. "माझंच आहे. मी ते मागे घेत नाही."

धाकटीचा चेहरा पांढराफटक पडला.

"पण ते अपुरं आहे," मॅडम पुढे म्हणाली. "मी लिहिलं, मूल परत पाठवावे. आई आपोआप मागून जाईल असं मी धरून चालले होते. सामानासारखी. अर्जदारांनी आईचा तिकडे राहण्याचा परवाना रद्द करवलाय की नाही, एवढंच त्यांना विचारावं. तसं असेल, तर हे मुलाला परत पाठवणं होत नाही. हे मुलाला आईपासून तोडणं होतं, आणि ते लिहायला मी कधीच धजले नसते."

"हरकत आहे!" जुना विद्यार्थी ओरडला. "हे कागदांवर नाही."

"आता येईल," न्यायाधीश म्हणाले. "विचारा तुमच्या अशिलाला."

बाप वकिलाच्या कानाशी लागला. वकिलाचे खांदे किंचित उतरले. "महोदय... परवाना सध्या नाही."

"कोणामुळे नाही?"

 "माझ्यामुळे," बाप स्वतःच म्हणाला.

हुकूम छोटा होता. बापानं आधी आईचा परवाना मिळवून द्यावा, तिकडे मायलेकींच्या वेगळ्या राहण्याची सोय करावी, आणि मग दोघींनी तिकडच्या कोर्टापुढे हजर व्हावं. तोवर मूल आईजवळ, इथेच.

बाहेर व्हरांड्यात वकीलबाई म्हणाल्या, "हरलो नाही. जिंकलो असंही म्हणता येत नाही." आणि पुढच्या खटल्याला पळाल्या.

धाकटी भिंतीला टेकून उभी होती. "म्हणजे जायचं तर आहेच."

"हो."

"तू गप्प बसली असतीस तर वकीलबाईंनी कदाचित काढलं असतं निभावून."

"कदाचित."

"मी तुला कधी माफ करीन, मला माहीत नाही, ताई."

"नको करूस. पण तू एकटी जाणार नाहीस. मी रजा टाकते. तिकडच्या कोर्टात तुझ्या शेजारी बसते. खांबाआड नाही."

  धाकटीनं पर्स उगीचच उघडली, बंद केली.

शिपाईबाईंचा हात सोडवून टिकली पळत आली. आईचा चेहरा बघून तिनं मोर्चा मावशीकडे वळवला.

"मी जाणार?"

"आईबरोबर. आई नाही, तर तूही नाही. ते न्यायाधीश आजोबांनी लिहून दिलंय."

टिकलीनं एवढं ऐकून घेतलं. व्हरांड्याच्या त्या टोकाला बाप एकटाच उभा होता, या तिघींकडे बघत, जवळ यावं की नाही अशा विचारात.

"मग आत्ता बाबांना भेटू का?"

मॅडमनं धाकटीकडे पाहिलं. हे सांगायचा हक्क मावशीचा नव्हता. धाकटीनं बराच वेळ पर्सच्या चेनवर अंगठा फिरवला.

"जा," ती शेवटी म्हणाली. "मी इथून बघतेय."

पोरगी निघाली. पळत नव्हे, चालत. दोघी बहिणी शेजारी शेजारी उभ्या राहून तिच्या पाठीकडे बघत राहिल्या.