नानूला उठवा

पुलाच्या मधोमध आल्यावर ताईंनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मी म्हटलं, "द्या इकडे."

"उशीला कसलं आलंय वजन? राहू दे."

त्यांच्या खुर्चीवरची उशी होती ती. नोकरी सुटली तरी ऑफिसातच राहून गेली होती, तीच न्यायला त्या आल्या होत्या. निम्मा रस्ता आम्ही चालून आलो होतो आणि एवढ्या वेळात त्यांच्या तोंडून निघालेलं हे पहिलं वाक्य. मागून बस आली, पुढे निघून गेली. त्यांना चालायचं होतं, म्हणून मीही चालत होते.

ताई आमच्याकडे टायपिस्ट होत्या. दोन वकील भावांचं छोटंसं ऑफिस. आम्ही त्यांना थोरले साहेब आणि धाकटे साहेब म्हणतो. मी दाराजवळच्या टेबलावर बसते, फोन घेते, आलेल्या माणसाला बसवते. ताई माझ्या कितीतरी आधीपासूनच्या. जुन्या टाइपरायटरवर हात बसलेला, त्यामुळे कॉम्प्युटरची बटणंसुद्धा अशी दाबायच्या की कोणी दार ठोठावतंय असं वाटावं. त्यांच्या टेबलाला आम्ही छापखाना म्हणायचो, कारण प्रिंटर एकच आणि तोही त्यांच्या कॉम्प्युटरला जोडलेला. कोणालाही कागद काढायचा तर त्यांच्यासमोर जाऊन उभं राहावं लागे. ताई चष्मा सारखा करून आधी पुटपुटत वाचायच्या, मग छापायच्या.

ज्युनिअर वकील वैतागायचा. "ताई, वाचू नका हो, नुसतं छापा."

"न वाचता छापायला मी काय शाई आहे का रे?"

तेवढ्यात इकडचं तिकडचं बोलणं व्हायचं. कोणाच्या मुलीला ताप, कोणाचं सासूशी वाजलेलं. ताईंना मूलबाळ नव्हतं, घरी नवरा-बायको दोघंच. नवरा मालाची गाडी चालवायचा, दिवसदिवस बाहेर. त्यामुळे माणसांची हौस त्या छापखान्यातच भागवून घ्यायच्या.

मग नवा मोठा प्रिंटर आला. आता सगळ्यांनी आपापल्या जागेवरून छापायचं, असं ठरलं. बसवायला आलेला माणूस म्हणाला, याची वायर थेट इंटरनेटच्या डब्यात घालायला हवी. डबा धाकट्या साहेबांच्या केबिनमध्ये, म्हणजे भिंतीला भोक पाडणं आलं. आणि भिंतीला नुकताच नवा रंग दिलेला. साहेब भिंतीवरून हात फिरवत म्हणाले, "भोकबिक नको. दुसरं काहीतरी कर."

"मग बाईंच्या कॉम्प्युटरला जोडतो, तिथून सगळ्यांना शेअर करून देतो. पण साहेब, हे तात्पुरतं. बाईंचा कॉम्प्युटर चालू असेल तरच कोणाचंही छापून येईल."

"बाई असतातच की," साहेब म्हणाले.

ताई तेव्हा खूश झाल्या होत्या. मला हळूच म्हणाल्या, "बघ, भिंतीपेक्षा मी बरी निघाले."

तात्पुरतं होतं ते कायमचं झालं. भोक काही पडलं नाही. लोक आता छापून झाल्यावर यायचे. ताईंच्या खांद्यावरून एक हात पुढे यायचा, कागद उचलायचा आणि जायचा. दुसऱ्या हातातल्या मोबाइलवर बोलणं चालूच. टायपिंगही ज्याचं तो करू लागला. ताईंकडे कोरे कागद भरायचं, अडकलेला कागद ओढून काढायचं आणि सगळ्यांच्या आधी येऊन मशीन चालू करायचं, एवढंच काम उरलं. रजा मागितली की धाकटे साहेब हसून म्हणायचे, "बाई, तुम्ही नसलात तर ऑफिस बंद पडेल हो." ऐकायला किती गोड. रजा मात्र मिळायची नाही.

ताईंच्या नवऱ्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा त्यांनी विचारलंच नाही, सरळ आल्या नाहीत. त्याच दिवशी कोर्टात द्यायचे कागद त्यांच्या बंद कॉम्प्युटरपायी अडकले. साहेबांनी मला फोन लावायला सांगितला आणि लागल्यावर माझ्या हातातून घेतला.

पुढचं मला ताईंनी पुलावर सांगितलं. "यांना नुकतंच आत नेलं होतं. साहेब म्हणतात, बाई, फक्त पासवर्ड सांगा, दोन मिनिटांचं काम आहे. मी तिथे उभी राहून सांगतेय, एन, ए. ते विचारतात, एन की एम? मी म्हटलं, एन हो, नाकातला एन. नर्स बाहेर आली, म्हणाली, आवाज कमी करा, आत पेशंट आहेत." ताई जराशा हसल्या. "जसा काही माझा पेशंट आत नव्हताच."

नवरा त्यातून उठला नाही. ताई कामावर परत आल्या तोवर त्यांचं मशीन रोज सकाळी मीच चालू करत होते, कारण दार उघडायला पहिली मी येते. पासवर्ड एकदा सगळ्यांना कळल्यावर ताईंवाचून काही अडत नव्हतं. धाकट्या साहेबांनी त्यांना आत बोलावलं. "बाई, टायपिंगचं काम तसं आता राहिलंच नाही ना." माणूस गेलं, मशीन राहिलं. खुर्चीवर फायली चढल्या आणि कॉम्प्युटरला चिठ्ठी चिकटली: बंद करू नये.

पासवर्ड होता नानू. मला वाटलं, लोक ठेवतात तसा काहीतरी शब्द असेल. ऑफिसात मात्र त्या मशीनचं तेच नाव पडलं. नानू झोपला. नानूनं कागद गिळला. नानूला उठवा जरा. कोणाचं नाव, हे कोणी विचारलं नाही.

आज ताई खुर्चीवरच्या फायली बाजूला करून उशी काढत होत्या, तेवढ्यात ज्युनिअर वकील आतूनच मला म्हणाला, "अहो, नानू मेला वाटतं. बघता का?"

ताईंचा हात तिथेच थांबला. मग त्यांनी उशी झटकली, पिशवीत घातली. "येते साहेब," म्हणाल्या. धाकटे साहेब फोनवर होते, त्यांनी मान न वळवता हात हलवला.

पूल संपला तिथे त्यांनी मला विचारलं, "नानू कोण, ठाऊक आहे तुला?"

तोपर्यंत मला कळलं होतं.

"सासूबाई हाक मारायच्या. त्या गेल्यावर मी. तेही घरात, दार लावून घेतल्यावर. चार माणसांत मी आपली 'अहो'च म्हणायचे. बाहेर हे नाव कोणाला माहीत असायचं कारणच नव्हतं. आणि त्या दिवशी ते आत असताना मी ते एकेक अक्षर करून देऊन टाकलं."

कोणाचं वाईट चिंतू नये, असं मला लहानपणापासून शिकवलंय. रोज हात जोडते तेव्हा ऑफिसातल्या प्रत्येकाचं भलं मागते. हल्ली धाकट्या साहेबांच्या नावापाशी आले की मी गप्प होते, त्यांचं काय करायचं ते देवावर सोडते.

ताईंचं वळण आलं. त्यांनी पिशवी छातीशी धरली.

"सकाळी मशीन अजून तूच चालू करतेस ना?"

"हो."

"मग उद्या तो शब्द बदल. काहीही ठेव. भिंत ठेव, साहेबांना भिंतीची फार काळजी. का बदलला, ते कोणाला सांगू नकोस. माझ्या माणसाला तेवढं तिथून बाहेर काढ."